बलक विल्हेवाट समिती

मनुष्यजातीचे दोन भाग पडतात : अंडं खाणारे आणि अंड्याचे फायदे सांगणारे. पहिल्या भागाचं आरोग्य दुसऱ्या भागाच्या हाती असतं. दुसऱ्या भागाचं आरोग्य, देवाच्या कृपेने, उत्तम असतं.

या गोष्टीतले आहार अधिकारी दुसऱ्या भागातले, आणि त्यातही वरच्या फळीतले. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून त्यांची खोली होती. भिंतीवर माणसाच्या उंचीचं, अर्धं कापलेल्या अंड्याचं चित्र. त्यातल्या प्रत्येक भागाला बाण लावून गुण लिहिलेले : प्रथिनं, लोह, जीवनसत्त्व ड, मेंदूसाठी कोलीन. चित्र इतकं हुबेहूब होतं की जेवणाची वेळ टळलेले नातेवाईक त्याच्यासमोर उगीचच उभे राहत. (त्यांना हटकायला एक शिपाई नेमला होता. तोही तिथेच उभा असे.)

रुग्णाला रोज एक उकडलेलं अंडं द्यावं, हा नियम रुग्णालय बांधलं तेव्हापासूनचा. पण इतका सरळ नियम फार दिवस टिकत नाही. मध्यंतरी बलकाने हृदयाला धोका असतो अशी बातमी आली आणि आहार अधिकाऱ्यांनी तडकाफडकी बलक बंद केला. आता अंडं तर बलकासकटच येतं, त्याला कोंबड्यांचाही नाइलाज. मग काढलेल्या बलकाचं करायचं काय? बाहेर टाकावा तर मांजरांच्या हृदयाचा प्रश्न. म्हणून 'बलक विल्हेवाट समिती' स्थापन झाली. समितीचे सदस्य सगळे वरिष्ठ, आहार अधिकारी त्यांत आलेच. रोज दुपारी एकत्र बसून, मिरपूड घालून, तो घातक पदार्थ ते स्वतःच्या पोटात रिचवू लागले. रुग्णांसाठी जिवावर उदार होणारे असे अधिकारी आजकाल कुठे पाहायला मिळतात हो!

काही वर्षांनी वारं फिरलं. बलकच खरा गुणकारी, असं ठरलं. समितीला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं धोका पत्करला आणि तो धोका नव्हताच! पण म्हणून रुग्णांच्या हातात एकदम अख्खं अंडं ठेवणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. गुणकारी वस्तूची आधी तपासणी नको? ती समितीने अंगावर घेतली. पुढे पांढऱ्या भागाविषयीही कुणीतरी शंका काढली (कुणी, ते कुणाला आठवत नाही), तेव्हा तोही तपासणीला आला. उरलं टरफल. त्यात कॅल्शियम भरपूर. त्याची पूड गरम पाण्यात ढवळून रुग्णांना मिळू लागली, आणि सोबत अंड्याच्या फायद्यांवर एक व्याख्यान. पाहणी केली तेव्हा शंभरातल्या ब्याण्णव रुग्णांना हे फायदे तोंडपाठ निघाले. बाकीचे आठ बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आहार अधिकाऱ्यांची आत्या त्याच रुग्णालयात दाखल झाली.

आई गेल्यावर या आत्यानेच त्यांना वाढवलं होतं. घरात अंडं यायचं एकच, आणि ते पडायचं भाच्याच्या ताटलीत. "मला मेलीला वास सोसत नाही," असं म्हणत ती टरफलं गोळा करायची. आता तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि अंगात काही त्राण उरलं नव्हतं. डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "आमचं काम झालं. आता सगळं खाण्यावर आहे. अंडी द्या त्यांना, नाहीतर त्या काही उठत नाहीत."

आहार अधिकारी खाटेशी गेले.

"बाळ्या, हे काय रे चुन्याचं पाणी पाजतात?"

"आत्या, त्यात कॅल्शियम असतं."

"असेल. मला एक अंडं दे आणून. मीठ नसलं तरी चालेल."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. "अंडं फारच चांगलं, आत्या. एकात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय..."

"अरे मेल्या, मला अंड्याबद्दल ऐकायचं नाही, अंडं खायचंय!"

"शिवाय कोलीन," शेजारच्या खाटेवरची बाई डोळे न उघडताच म्हणाली.

घरून अंडं आणावं, तर बाहेरचं अन्न वॉर्डात न्यायला बंदी. ती बंदी त्यांचीच. तपासणी न झालेलं अंडं रुग्णाच्या तोंडी पडू नये, ही त्यामागची कळकळ. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आपल्या वाटणीचं अंडं तपासायचं नाही, गुपचूप खिशात घालायचं.

दुपारच्या बैठकीत हात खिशाकडे गेला, तेवढ्यात समितीचे अध्यक्ष म्हणाले, "काय हो, खात नाही? अंड्यात काही दोष दिसतोय का?"

आता आली का पंचाईत! दोष आहे म्हणावं तर चौकशी लागणार. आत्याला नेतोय म्हणावं तर उद्या अख्खा वॉर्ड अंडी मागणार. शिवाय अध्यक्ष निवृत्तीला आले होते आणि त्या खुर्चीसाठी आहार अधिकाऱ्यांचंच नाव पुढे होतं. त्यांनी अंडं तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांना वाटलं, मिरपूड जास्त झाली.

मात्र आत्यासाठी त्यांनी काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. भिंतीवरचं चित्र त्यांनी त्याच दुपारी तिच्या खाटेसमोर लावून घेतलं. चार दिवस ती त्याच्याकडे बघत होती. पाचव्या दिवशी बघायची थांबली.

समितीने शोकठराव केला. 'दिवंगत आत्याबाईंच्या मुखी अखेरपर्यंत अंड्याचंच नाव होतं,' हे त्यात अभिमानाने नमूद केलं. शोकसभेत प्रत्येकी दोन अंडी तपासण्यात आली. आहार अधिकारी रडले, आणि ते रडणं अगदी खरं होतं. दोन्ही अंडी संपेपर्यंत ते थांबलं नाही. पुढे ते यथावकाश अध्यक्ष झाले.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली तिथे लोक हळहळतात, आत्याला बिचारी म्हणतात, समितीला शिव्या घालतात. मग जरा इकडेतिकडे बघून हळूच विचारतात : पण काय हो, शेवटी बलक खावा की काढून टाकावा?

तुम्हीही तेच विचारायला थांबला आहात ना? खा, बिनधास्त खा. तपासलेला आहे.