सुभेदारांच्या झोपेचा अभ्यास दौरा

सुभेदार नाथाजी यांनी निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी आराम करण्याचा निर्णय घेतला. निर्णय पूर्ण शुद्धीत घेतला होता. फौजेतून कडेगावजवळच्या आपल्या गावी परतल्यापासून झेंडावंदन, कुस्त्यांचं मैदान, दुकानाची फीत, सगळीकडे प्रमुख पाहुणे तेच. महाबळेश्वरला गेले तर कराडच्या मंडळींनी ओळखून तिथंच शाल घातली. गोव्यात वाळूवर पाठ टेकते न टेकते तोच कुणीतरी "राम राम, आबा!" म्हणालं. शेवटी पुतण्या जयराजनं मोबाईलवर निकाराग्वा नावाच्या देशातलं समुद्रकाठचं एक गाव शोधून काढलं. राहणं स्वस्त, दारात जाळीचे झुले, आणि मुख्य म्हणजे कडेगाव तालुक्यातलं तिथं कुणीही नव्हतं. आबांना त्या झुल्यात आठ दिवस नुसतं पडायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर्दीतले आबा, मागे समुद्र, समुद्रात बर्फाचे डोंगर आणि खाली गॉगलसकट शुभेच्छुकांची रांग. मजकूर होता, 'ऊस अभ्यास दौऱ्यानिमित्त हार्दिक अभिनंदन'.

"जयराज, ह्यात ऊस कुठनं आला रं?"

"आबा, 'झोपायला निघाल्याबद्दल अभिनंदन' असं लिवलं तर बरं दिसतंय व्हय? आन् तिथं ऊस हाय. मी बघितलंय."

अभ्यास म्हटल्यावर सत्कार आलाच. सोसायटीचे चेअरमन दादासो यांनी तो केला, म्हणून विरोधी गटाचे आप्पासो यांनीही केला. नाहीतर आबा दादासोंच्या गटाचे ठरले असते. दोन्ही व्यासपीठांवर आबा कळवळून म्हणाले, "आवं, मी नुस्ता पडायला चाललोय!" टाळ्या थांबेनात. एवढा मोठा माणूस आणि केवढा विनय, म्हणून काहींनी डोळे पुसले.

परंतु एकट्याचा अभ्यास ग्राह्य कसा धरायचा? सबब शिष्टमंडळ नेमणं क्रमप्राप्त झालं. त्यात दादासो आले. समतोल राखण्यासाठी आप्पासो आले. आबा अर्थातच प्रमुख.

निकाराग्वात झुले दोनच निघाले. एक दादासोंना दिल्यावर दुसरा आप्पासोंना देणं भागच होतं, कारण प्रश्न गावच्या शांततेचा होता. दोघंही अर्ध्या चड्डीवर आडवे झाले ते जेवणापुरतेच उठत. अभ्यास मात्र कुणीतरी करणं आवश्यक होतं. आबा रोज उन्हातान्हात उसाच्या फडात जाऊन फोटो काढू लागले. घरमालकीणबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही त्यांनीच केला. श्रीफळ बाईंच्याच झाडाचं होतं.

"आबा, आज कुठवर आला अभ्यास?" संध्याकाळी दादासो झुल्यातून विचारत.

"उद्या जरा कांड्याबी मोजा," आप्पासो शेजारच्या झुल्यातून सुचवत.

सीमेवर न डगमगलेल्या आबांना तेव्हा खरोखर रडू यायचं.

परतल्यावर हलगी लावून मिरवणूक निघाली. ती संपवून आबा घरी येऊन कॉटवर पडले, तोच शेजारचा अमृत आपल्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन हजर.

"लय दमलोय रं गड्या. दुसरं कुणी बघ की."

"दमलाय? आवं आबा, आठ दिस समुद्रावर लोळून आलाय की! आता कशाचं दमणं?"

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या शिणाची कुणालाच कशी किंमत नाही, या विचारानं त्यांनी कूस वळवली. अमृत गेला. आबांच्या पत्नी शालूबाई पाणी घेऊन आल्या. शिष्टमंडळाची खुशाली विचारायला येणाऱ्या गावाला आठ दिवस चहा पाजून त्यांची कंबर धरली होती.

"आवं, मी जरा पडू का? कंबर लय दुखतीया."

आबांनी उशीवरची मान उचलली नाही.

"तुला काय झालं कंबर दुखायला? आठ दिस घरात एकटीच हुतीस. आरामच आराम! च्या टाक जरा."

"व्हय," शालूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

वाचकहो, आबांचा तुम्हाला राग आला असेल, आणि ते योग्यच आहे. फक्त एवढंच की, ही गोष्ट तुम्हाला शेवटपर्यंत निवांत बसून वाचता आली, याचा अर्थ तुमच्याही स्वयंपाकघरात आत्ता कुणीतरी उभं आहे.