तात्या आणि बर्फाचा उतार

एसटी घाट उतरायला लागली की विठोबातात्या सीट सोडून मधल्या वाटेत उभे राहतात. गुडघे वाकवतात, दोन्ही मुठी पोटापुढे धरतात आणि वळण येईल तसे डावीकडे-उजवीकडे झुकतात. नवा कंडक्टर असला तर खेकसतो. जुने कंडक्टर तिकीट देऊन मुकाट पुढे सरकतात.

तात्या फौजेत होते आणि फौजेनं त्यांना काश्मिरात स्कीइंग शिकवलं. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत उतरायचं. रिटायर होऊन ते म्हसवडला आमच्या शेजारी आले. इथं बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडचा, तोही गोणपाटात गुंडाळलेला. पण कुठलीही टेकडी दिसली की तात्या थांबून उतार जोखणार. ‘‘लय झ्याक उतार हाय. फकस्त बरफ न्हाई.’’ कुणाचं पोट दुखो नाहीतर भावकीत भांडण होवो, त्यांचा सल्ला एकच: ‘‘गुडघं वाकवा आन् फुडं बगा.’’ एकदा शेंगांच्या टरफलांच्या ढिगावरून त्यांनी घसरून दाखवलं. ढिगाखाली दगड होता. पुढे बरेच दिवस तात्या पालथे झोपत.

त्यांच्या शौर्यकथांवर गावात कुणाचा विश्वास नव्हता. सगळ्यात जास्त टिंगल माझा मामेभाऊ दिनकर करायचा. इस्लामपूरकडे त्याचा ऊस, पण आमच्याकडे सारखं येणंजाणं; मिशा झुपकेदार, आवाज मोठा. शेवटी एकदा तात्या म्हणाले, चला, डोळ्यांनीच बघा. घसरायचंच तर आहे, त्यात काय एवढं, असं म्हणत दिनकर तयार झाला. मीही निघालो. चैत्रात आम्ही तिघं हिमाचलात पोचलो.

काही दिवस तात्यांनी आम्हाला खालच्या उतारांवर पाडून पाडून शिकवलं. मग एका सकाळी वाटाड्या बरोबर घेऊन, पट्ट्या खांद्यावर टाकून डोंगराच्या खांद्यापर्यंत चढलो. या दिवसांत बर्फ सकाळी दगडासारखा असतो. ऊन लागून वरचा थर मऊ झाला की उतरायचं, फार उशीर करायचा नाही, नाहीतर बर्फ सुटून खाली येतो. भाकरी भाजली का बघावी तसं तात्या बोटांनी बर्फ दाबून बघत होते. मग म्हणाले, ‘‘झालं. चला.’’

आणि ते सुटले. बँकेच्या पायऱ्या कठड्याला धरून चढणारा हा माणूस पांढऱ्या उतारावर डुलत, वळत असा गेला, की मी बघतच राहिलो. मी पडत-झडत, वाटाड्याच्या आधारानं खालच्या सपाटीवर पोचलो. दिनकर मात्र अर्ध्यावर थिजला. खाली नजर गेली आणि तो बसलाच. दोन्ही हात बर्फात रुतवले. त्याला उठता येईना, हाक मारता येईना. वर ऊन चढत होतं.

तात्या आडव्या पावलांनी परत वर चढले. धापा टाकत त्याच्यासमोर उभे राहिले आणि बर्फात टेकायच्या आपल्या काठ्यांची टोकं त्याच्या हातात दिली.

‘‘दिनकर, खाली बगू नगंस. माज्या तोंडाकडं बग. तुजा ऊस कसा हाय औंदा?’’

दिनकर काठ्यांना धरून उठला आणि रडत उसाचं सांगू लागला. तात्या स्वतः पाठमोरे घसरत, इंच इंच त्याला खाली आणत होते. मध्येच लागणीचं विचारत, मध्येच पाण्याचं. असं करत दोघं सपाटीवर पोचले.

गावी परतलो तर चहाच्या टपरीवर सगळी मंडळी वाट बघत होती. कोण कसं उतरलं, हाच प्रश्न. दिनकर खाली मान घालून बसला. मला वाटलं, आता तात्यांचे दिवस आले. इतक्या वर्षांच्या टिंगलीची आज फेड होणार.

तात्या शांतपणे म्हणाले, ‘‘वय झालं गड्या. मदीच माजं पाय लटपटलं. दिनकर व्हता म्हणून खाली आलो.’’

टपरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मी तोंड उघडलं, तर तात्यांनी बाकाखाली माझा हात दाबून धरला.

दिनकर उठला. तात्यांच्या पुढचा गार झालेला चहा त्यानं उचलला, बाजूला ओतला आणि स्वतः जाऊन गरम चहा घेऊन आला.