घणसोलीच्या हॉलात जॅझचे भजन जाहले त्याची हकीकत

हॉलाच्या किल्ल्यांचे धनी, आपण लबाडी केलीत. फॉर्म आपला, खूण आपल्या कारकुनाची, आणि दोष मात्र पोपटराव बँडवाले यांच्या माथी, हे आम्हां त्या दिवशी हजर असलेल्यांस मान्य नाही. आपले नाव लिहीत नाही, कारण आपणही नोटिशीखाली ते लिहीत नाही, सही करीत नाही. घडले ते येणेप्रमाणे. ऐकावे, आणि मधे फोन घेऊ नये.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, घणसोली मुक्कामी खाडीकाठ चौकडी म्हणोन जॅझवाल्यांची लहानशी फौज होती. खासे सरदार पोपटराव, उमर अठ्ठावन्न, राहणार गावठाण, ज्यांनी चाळीस वर्षे हळदीच्या बँडात सॅक्सोफोन फुंकून तळवलीपावेतो एकही मांडव जिंकावयाचा ठेविला नाही. पियानोवर ऋताबाई, चौकडीच्या दिवाण. आणि ड्रम व बास यांवर दोन शिलेदार. यांचे जॅझ नाचाचे नव्हे, ध्यानाचे. एक सूर धरावा आणि इतका घोळवावा की ऐकणारा ऑफिसातला बॉसही विसरेल. ऐशी बत्तीस मिनिटांची एक चीज पोपटरावांनी रचिली, ती लोकांसमोर एका दमात रेकॉर्ड व्हावी ही मसलत ठरली, आणि घाई याकरिता की दंतवैद्याने सोमवारी सकाळी पोपटरावांचे वरचे पुढचे दोन दात काढण्याचा हुकूम फर्माविला होता. सॅक्सोफोनचे तोंड टेकते ते नेमके याच दातांवर. नवे दात बसतील, पण तो सूर बसेल याची हमी दंतवैद्य देईना. सबब रविवार, सहा ते आठ, हीच काय ती वेळ.

मग ऋताबाई, हॉल ज्या वसाहतीचा तिच्या, म्हणजे आपल्याच, कार्यालयात जातीनिशी दाखल जाहल्या. फॉर्मावर चौकोन चार: लग्न, वाढदिवस, सभा, भजन. कारकुनाने पुसिले की नाचगाणे आहे काय. ऋताबाई वदल्या की नाही, आध्यात्मिक आहे. आणि कारकुनाने भजनावर खूण केली आणि फळ्यावर लिहिले की रविवारी सहा वाजता हॉलात भजन, सर्वांनी अगत्य यावे, आणि चहास निघून गेला.

सर्वजण अगत्य आले. शुभदाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, आपल्या भजनी मंडळाच्या एकवीस बायका घेऊन चालून आल्या आणि पुढच्या तीन रांगा काबीज केल्या. रेकॉर्डिंगचा कोतवाल पार्थ हेडफोन लावून मायक्रोफोनांचे मोर्चे बांधीत होता, तो गर्दी पाहून खूश जाहला. गर्दीच्या हाती टाळ आहेत हे त्याने पाहिले नाही. पंखे मात्र त्याने बंद करविले, आवाज येतो म्हणोन.

पावणेसातास चीज सुरू जाहली. दहा मिनिटे मंडळ स्तब्ध. परंतु गाणाऱ्यापुढे हात बांधून बसणे म्हणजे त्याचा अपमान, ऐसा या मंडळाचा रिवाज. अकराव्या मिनिटास शुभदाताईंना दया आली की बिचारे एकटेच वाजवीत आहेत, आणि त्यांनी टाळ उचलिले, आणि मग बावीस जोड एकदम उठले. चीज सात मात्रांची, टाळ आठांचे. सातांच्या फौजेत आठवा स्वार घुसला, आणि ड्रमवाल्याचे घोडे अडखळले, आणि बास भलत्याच वाटेस लागला, आणि सगळे थांबले. पोपटरावांनी रुमालाने तोंड पुसिले. रुमालास रक्त होते.

मग कलह माजला. पार्थाने फर्माविले की टाळ हॉलाबाहेर न्यावेत. शुभदाताईंनी उलट कळविले की फळ्यावर भजन लिहिले आहे, भजनास टाळ आणू नयेत तर काय बॅडमिंटनची रॅकेट आणावी. मागून एकीने अर्ज केला की तुम्ही टेन्शन घेऊ नका, पण एक तरी आम्हांस येणारे घ्या. यात सातावर पंचवीस मिनिटे जाहली. आठाच्या ठोक्यास रखवालदार सितारामाने मेन स्विच पाडावा, ही आपलीच सनद.

ऐशा समयी पोपटरावांच्या मातोश्री बायजाबाई, उमर ऐंशीवर, शेवटच्या रांगेतून काठी टेकीत पुढे आल्या.

"बायांनो, माज्या पोराचं पुढचं दोन दात उद्या सकाली काढनार हान. ह्यो सूर मंग नाय निघाचा. आज टाल पदरान बांदा. वाजवाची लयच हौस आसल, त माज्या बाराव्याला या."

एक जण हसली आणि मधेच थांबली. शुभदाताईंनी टाळ पदरात गुंडाळून गाठ मारिली, आणि मग बावीस गाठी पडल्या. जिला पदर नव्हता तिने शेजारणीचा घेतला.

सातावर एकोणतीस मिनिटांस पोपटरावांनी पुन्हा सूर लाविला. घाम निथळला, कोणी पदर हलविला नाही. आठाच्या ठोक्यास सिताराम किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवीत दारात उभा. मिनिटभराची चीज बाकी. शुभदाताई अनवाणी उठल्या आणि गेल्या आणि जुडगा मुठीत घट्ट धरिला आणि त्यास खुर्ची दाखविली. सिताराम पूर्वी त्यांच्याच शाळेत शिपाई होता. तो बसला.

शेवटचा सूर खाडीच्या ओहोटीसारखा हळूहळू मागे सरला आणि संपला. पार्थाने हात वर केला: दहा आकडे मोजीपर्यंत शांतता हवी. भजन संपताच जयघोष करावा हा बायकांचा तीस वर्षांचा सराव. बावीस जणींनी तो दाती धरून ठेविला. दहाव्या आकड्यास हात खाली आला, आणि संतमहाराजांचा जो जयजयकार उठला त्यात पियानोवाल्या ऋताबाईही होत्या. पार्थ यंत्र थांबविण्यास विसरला. तोही आवाज रेकॉर्डात दाखल आहे.

येणेप्रमाणे रविवारी, आठ वाजून एक मिनिटास, मोहीम फत्ते जाहली. सोमवारी दात गेले. सूर राहिला.

आणि मंगळवारी आपली नोटीस लागली की भजनाच्या नावाखाली भलतेच वाजविले, सबब चौकडीस हॉल कायमचा बंद. रेकॉर्डिंग सोबत धाडिले आहे. बत्तीस मिनिटे, पंखा बंद करून, ऐकावे. आणि मग खाली सही करून लेखी कळवावे: ते भजन नव्हते, तर काय होते?