भाऊसाहेबांचा कद

भाऊसाहेब टिल्लू कुणाच्याही घरी गेले, की आधी "कसं काय?" विचारत नसत, "उकळलंय का?" विचारत. राम घाटावर एका मुंजीत भटजींनी आचमनाला पळीभर पाणी दिलं, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं.

"भाऊसाहेब, अख्खी क्षिप्रा उकळायची कशी?" भटजी वैतागले.

"थोडी थोडी करून."

ते आमचे शेजारी, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, दवाखान्याची पाटी बदलली. त्यांच्या खिशातली लाल दवेची पुडी काही बदलली नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरच्या विहिरीत ते ती घालून आले होते. राहिली होती फक्त आमची.

कारण माझ्या सासूबाई. त्या विहिरीचं पाणी त्या सोवळ्यानं भरत. बूट-पाटलोणीतला माणूस पुडी घेऊन येताना दिसला आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. "सोवळं नेसून याल, तर घाला!"

संपलंच, मला वाटलं. "जंतूंना सोवळं कळत नाही, वैनी," हे तर भाऊसाहेबांचं लाडकं वाक्य. इकडे मागच्या गल्लीत पटकीच्या साथीत दोन माणसं गेलेली आणि माझा गोपू जेमतेम दीड वर्षाचा. सासूबाईंपुढे बोलायची माझी छाती नव्हती. भीतीनं मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब हजर! डोक्यावरून पाणी निथळतंय, नेसूला सोवळ्याचा जुना रेशमी कद, हातात दवा विरघळवलेला तांब्या. कद इतका आखूड, की मला पदर तोंडावर धरावा लागला.

सासूबाई बाजूला झाल्या. भाऊसाहेबांनी दवा विहिरीत ओतली, बादली सोडून पाणी चांगलं घुसळलं. "आज कोई नहीं पिएगा! उद्या रंग उतरला की प्यायचं. आणि तेही उकळून!"

सासूबाईंना राहवलं नाही. "तुम्ही तर सोवळ्याला हसत होते, भाऊसाहेब?"

दोर धरलेले त्यांचे हात थांबले.

"हसत होतो, वैनी. आमची हीसुद्धा हेच म्हणाली होती, सोवळं नेसा आणि घाला. मी हट्टाला पेटलो, तीही पेटली. दवा तशीच राहिली. आमची यमू गेली, तेव्हा सहा वर्षांची होती." त्यांनी कदाकडे पाहिलं. "हा तेव्हाही घरातच होता."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. सासूबाईंनी पुढे होऊन दोराला हात घातला आणि दोघांनी मिळून बादली पुन्हा खाली सोडली.