कृष्णरावांचं शेवटचं कापड

सकाळी चहा पिताना कृष्णराव डाखोळ्यांनी स्वतःच्या मरणाचा विषय काढला आणि नरहरीच्या हातातली शिळी पोळी चहात पडली.

म्हातारबुवा मरणाला टेकले होते असं मुळीच नाही. गोंदिया-दुर्ग लाइनवर गार्डाच्या डब्यात उभ्यानं हयात काढलेला माणूस. भिलाईला सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये लेकाकडे राहायला आल्यापासून त्यांची तब्येत उलट सुधारली होती. दोन वेळा पोटभर जेवत, दुपारी घोरत आणि उरलेला सगळा वेळ पेटी-चरख्यावर सूत कातत. नोकरीत असताना चरख्याला हात लावायची सोय नव्हती, गोऱ्या साहेबाच्या डोळ्यावर आलं असतं. ती राहून गेलेली हौस आता भागवणं चाललं होतं.

"नरहरी," ते म्हणाले, "आयुष्यभर कंपनीचं कापड अंगावर घातलं. जाताना तरी मले आपल्या हातच्या सुताचं पाहिजे. पांढरं, डोक्यापासून पायापर्यंत. ते विणून आण अन् ट्रंकेत ठेवून दे. मंग मी मोकळा."

"बाबा, एवढी काय घाई हाय?"

"घाई नाही, तयारी हाय. गाडी सुटाच्या आधी गार्डाचा डबा तयार पाहिजे."

दुसरा कोणी मुलगा असता तर त्याचे डोळे भरून आले असते. नरहरीची मात्र भलतीच पंचाईत झाली, कारण गोष्ट अशी होती. बापानं कातलेल्या सुताच्या लडी, म्हणजे गुंड्या, घेऊन तो मधूनमधून दुर्गच्या एका खादीच्या दुकानात जाई. सूत द्यायचं आणि बदल्यात कापड आणायचं, अशी तिथली रीत. पहिल्याच खेपेला दुकानातल्या केवलरामनं गुंडीतला धागा दोन हातांत धरून जरासा ताणला. तो तुटला. दुसरा ताणला, तोही तुटला. मग केवलरामनं वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरासारखं तोंड केलं आणि म्हणाला, "ए सूत नोहय दाऊ, पोनी आय." म्हणजे हे सूतच नव्हे, नुसता पेळू, कातायच्या आधीची कापसाची वळी आहे. मागावर चढवलं तर पहिल्याच झटक्याला राम म्हणणार.

हे बापाला सांगायची छाती नरहरीला झाली नाही. तो कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होता. लोकांच्या खोट्या सबबी ऐकण्यात त्याचा दिवस जाई, स्वतः रचण्याची सवय नव्हती. तरी त्या दिवशी त्यानं पदरच्या पैशानं कापड घेतलं आणि घरी येऊन "तुमच्याच सुताचं" म्हणून बापाच्या हातात ठेवलं. कृष्णरावांनी त्याचा कुडता शिवला, गल्लीभर हिंडून दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट कातायला घेतलं. एकदा खोटं बोललेला नरहरी मग दर खेपेला खोटं बोलत राहिला.

परत आलेल्या गुंड्या त्याच्या बायकोनं, सुशीलानं, मार्गी लावल्या. तिला विणकामाचं भारी वेड. पण चांगली लोकर मिळायची रायपूरला, आणि नवऱ्याचा हात काही दर महिन्याला रायपूरपर्यंत पोचत नव्हता. तिनं सासऱ्याचं सूत तिपदरी करून पाहिलं. मागावर न टिकणारा तो धागा सुयांवर मात्र असा धट्टाकट्टा झाला की तिचा तिलाच विश्वास बसेना. सासरे घोरायला लागले की ती सुया काढी. शेजारच्या दुर्गाबाईच्या लेकराला स्वेटर झालं, आणखी कोणाकोणाला टोपरी झाली, नरहरीच्या ऑफिसातले हेडक्लार्क भैय्याजी यांना मफलर झाला. थंडी पडली तसं ते सगळं पेट्यांतून बाहेर निघालं. कृष्णरावांचं सूत गल्लीच्या अंगावर खेळत होतं, एकटे कृष्णरावच तेवढे दुकानातल्या कापडात होते.

"कुडता खोटा असला तर चालते," सुशीला स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाली. "पण हे कापड खोटं कसं चालन? मामाजी वर जाऊन काय सांगतीन?"

"मंग काय करू, सांग."

"खरं बोला."

"तूच बोल ना."

"बाप तुमचा हाय."

नरहरीनं शेवटी जे नेहमी केलं तेच केलं. दुर्गला जाऊन पांढऱ्या खादीचं लांबलचक कापड आणलं आणि रविवारी सकाळी बापाच्या मांडीवर ठेवलं. कृष्णरावांनी डोळे मिटले आणि कापडाच्या काठापासून काठापर्यंत अंगठा फिरवत नेला. मग घडी उलगडून पुन्हा फिरवला.

"हे माझं सूत नव्हे," ते म्हणाले.

"कावून, बाबा?"

"लई चांगलं हाय. माझा डावा खांदा ब्रेकचं चाक फिरवून फिरवून कामातून गेला. हात वर नेला की अर्ध्यात अडकते. म्हणून माझ्या धाग्यात हातभर अंतरावर गाठ येते. कुडत्याच्या वेळी मले वाटलं, कोष्ट्यानं गाठी काढल्या असतीन. पण एवढ्या लांब कापडात एकबी नाही? त्या केवलरामनं माझं सूत दाबून ठेवलं अन् दुसऱ्याचं देलं. चाल दुर्गले."

"आज दुकान बंद असते, बाबा."

"मंग त्याच्या घरी जाऊ."

कृष्णरावांनी टोपी घातली, काठी घेतली आणि निघाले. मागून नरहरी, फाशीला नेल्यासारखा. शेजारच्या अंगणात दुर्गाबाई लेकराला ऊन दाखवत बसली होती. कृष्णराव दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. वाकून त्यांनी पोराच्या स्वेटरची बाही चिमटीत धरली आणि अंगठा फिरवला.

"हे पाहा, गाठ," ते म्हणाले. "हे माझं सूत होय."

नरहरी बापाच्या पाठीमागून दुर्गाबाईला डोळ्यांनी खुणा करायला लागला. दुर्गाबाई काळजीनं म्हणाली, "नरहरीभाऊ, डोळ्यात काही गेलं काय?"

"विकून राहिला तो माझं सूत," कृष्णराव म्हणाले. "गल्लीगल्लीत विकून राहिला." आणि काठी आपटत पुढे निघाले. दुर्गाबाईला काही सांगायचं होतं, पण नरहरीनं हात जोडले तशी ती गप्प बसली.

बस स्टॉपवर भैय्याजी उभे होते. गळ्यात मफलर होता. नरहरीनं मनातल्या मनात पृथ्वी दुभंगायची प्रार्थना केली, पण सेक्टर सहाची जमीन कारखान्यानं चांगली ठोकून पक्की केली होती. कृष्णराव सरळ चालत गेले आणि त्यांनी मफलरचं एक टोक हातात घेऊन स्वतःकडे ओढलं.

"अरे, अरे, डाखोळे," भैय्याजी गुदमरून म्हणाले, "तुमचे वडील मले फाशी देऊन राहिले."

"तुम्ही हे कोणत्या दुकानातून घेतलं?" कृष्णरावांनी विचारलं.

"दुकानातून कुठचं, काकाजी? तुमच्या सूनबाईनं विणून देलं ना. घरचं सूत हाय म्हणे. गुंड्याच्या गुंड्या पडल्या हायेत तुमच्याकडे."

कृष्णरावांनी मफलर सोडला, नीट करून भैय्याजींच्या छातीवर बसवला आणि नरहरीकडे पाहिलं. तेवढ्यात दुर्गची बस आली आणि गेली. बापलेक घरी परतले.

त्या दिवशी चरखा फिरला नाही. नरहरी बापासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"मले आधीच कावून नाही सांगितलं?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं, बाबा."

"मंग आता काय वाटून राहिलं?" कृष्णराव म्हणाले. "गल्लीभर हिंडलो रे मी त्या कुडत्यात. लोकायले म्हणलं, पाहा, माझ्या हातचं हाय."

नरहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापुढे काहीही होवो, बापासमोर खोटं बोलायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. पण त्या निश्चयानं घरातलं काही सुधारलं नाही. कृष्णराव जेवायला बसत, दोन घास खात आणि उठत. बंद चरख्यावर धूळ बसायला लागली. सुशीला ती पुसायची आणि पदरानं डोळेही पुसायची.

शेवटी दुर्गाबाईच न राहवून स्वेटर धुऊन घेऊन आली. "काकाजी, तुमचं सूत तुम्हाले," म्हणून तिनं ते पुढे ठेवलं.

"लेकराच्या अंगावरचं मी काढत नाही," कृष्णराव म्हणाले. पण ते स्वेटर त्यांच्या हातात राहिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. मग अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं.

"सुशीला, हे तुटत कावून नाही?"

"तिपदरी हाय ना, मामाजी."

कृष्णरावांनी स्वेटर मांडीवर पसरलं. "एका माणसाले डोक्यापासून पायापर्यंत झाकायले किती सूत लागन?" त्यांनी विचारलं. सुशीलानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता.

चरखा पुन्हा सुरू झाला. सासरे कातत आणि सून विणे, उलटा टाका, सुलटा टाका, मधूनमधून टिपं गाळत. रविवार आला की कृष्णराव चटईवर उताणे पडत, हात अंगालगत सरळ ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "लाव माप." विणलेलं अंगावर पसरलं की मान उचलून बघत आणि म्हणत, "पाय उघडे राहून राहिले. वाढव." एका रविवारी दूधवाला दारात आला, आतला देखावा पाहून त्यानं चरवी खाली ठेवली, पागोटं काढलं आणि हात जोडून उभा राहिला. कृष्णरावांनी एक डोळा उघडून त्याला शेरभर दूध घालायला सांगितलं. दूधवाला त्यानंतर आठवडाभर आला नाही.

कापड पुरं झालं तेव्हा कडाक्याची थंडी होती. ट्रंकेत ठेवण्याआधी कृष्णरावांनी ते सहज खांद्यावर घेऊन पाहिलं आणि मग उतरवलंच नाही. त्यातच कातत, त्यातच जेवत आणि रात्री तेच पांघरून घोरत. नरहरीला हायसं वाटे आणि लगेच अंगावर काटाही येई.

अशात भैय्याजी चहाला आले. आल्या आल्या त्यांची नजर त्या कापडावर गेली. त्यांनी हातानं चाचपून पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या परवानगीनं स्वतःच्या अंगावर गुंडाळून घेतलं.

"काय ऊब हाय हो काकाजी. बाजारात नाही भेटत अशी चीज. वहिनी, मलेबी असंच एक करून द्या. अगदी असंच."

नरहरीनं तोंड उघडलं. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि समोर हेडक्लार्क साहेब बापाचं कफन पांघरून चहा पीत होते. त्यानं तोंड मिटलं.

कृष्णरावांनी भैय्याजींना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "सुशीला," ते म्हणाले, "ह्यायचं माप घे. पण चटईवर निजवून घे, नाहीतर पाय उघडे राहतीन."

भैय्याजी खुशीत उठले, चटईवर उताणे झाले आणि मान वळवून म्हणाले, "डाखोळे, हात सरळ ठेवू ना?"

"सरळच ठेवा, साहेब," नरहरी म्हणाला.