पासपोर्टास कुंकू लाविलें त्याची हकीकत

॥ श्रीगजवदन प्रसन्न, श्रीसर्व्हर कृपावंत ॥

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमीपासून पौषमासापर्यंत जें घडलें तें साद्यंत लिहिलें असे.

कोणे एके राज्यीं सौभाग्यवती द्वारकाबाईसाहेब सुखें नांदत होत्या. त्यांची एकुलती कन्या मंजिरी सातां समुद्रांपलीकडील राज्यीं राहे, पहिलटकरीण, पौषांत दिवस भरणार, आणि बाळंतपणास आईच हवी हा तिचा हट्ट, आणि आईचाही जीव तेथेंच गुंतलेला. मग बाईसाहेबीं नवा पासपोर्ट काढविला, आणि दसऱ्यास विळी व शिलाई यंत्राशेजारीं पाटावर मांडून पूजिला, आणि पान उघडितां तसबिरींत आपलें कपाळ पांढरें फटक दिसलें, म्हणोन तसबिरीसही ओलें कुंकू लाविलें आणि पासपोर्ट मिटून देव्हाऱ्यांत ठेविला.

पुढें कार्तिकमासीं व्हिसाची अर्जी ऑनलाइन करणें प्राप्त जाहलें. मग सायबर कॅफेचे धनी रफीकभाई तांबोळी यांजकडे स्वारी गेली, आणि त्यांनी पासपोर्ट उघडिला तों कुंकू दोहीं पानांवर उमटलेलें.

"मावशी, हे काय केलंत?"

"दसऱ्याला पुजला हो. चुकलं का?"

तांबोळ्यांनी तशीच प्रत अपलोड केली, आणि आठां दिवसां ईमेल आला कीं कागदांत फेरफार दिसतो, प्रमाणित प्रत धाडणें. मग स्वारी नोटरी वकील देवस्थळीबाई यांचे दरबारीं गेली. त्यांनी मूळ पाहिलें, प्रत पाहिली, मुळांत कुंकू, प्रतींतही कुंकू, म्हणोन "मुळाबरहुकूम खरी प्रत" ऐसें लिहोन शिक्का मारिला. शिक्काही लाल. आतां शिक्का कोणता व कुंकू कोणतें हें ओळखूं येईना. त्यांत फाइल जड जाहली म्हणोन पोर्टलानें परतविली, मग तांबोळ्यांनी ती दाबून दाबून हलकी केली, तों चेहरा, नांव, जन्मतारीख सर्व विरघळलें आणि कुंकू तेवढें राहिलें. पुन्हा नकार आला.

बाईसाहेब बहुत गोंधळल्या. "वकीलबाई म्हणतात खरं, व्हिसावाले म्हणतात खोटं. अहो, कुंकू लावल्यानं कागद खोटा कसा होतो? मग माझं कपाळ?"

"कपाळ अपलोड करायचं नसतं, मावशी. नवा पासपोर्ट काढा."

मग जुना रद्द, नव्यासाठीं खेपा, पुन्हा अर्जी, पुन्हा शिक्के, यांत पौष लागला, आणि व्हिसा हातीं आला त्याच सकाळीं पलीकडे मंजिरीस मुलगी जाहली. बाळंतपण चुकलें. बाईसाहेब विमानांत सारी वाट रडल्या आणि पांचवे दिवशीं पोहोंचल्या.

सहावे दिवशीं सांजचे समयीं सटवाईची पूजा मांडिली. देवीनें बाळाचें नशीब लिहावें म्हणोन पाटावर कोरा कागद व लेखणी ठेविली, आणि बाईसाहेबीं कुंकवांत बोट बुडविलें, तों बोट कागदावर येऊन थबकलें. लेकीकडे पाहूं लागल्या.

"मंजू, ह्याला लावलं तर चालतं का गं?"

मंजिरीचे डोळे भरोन आले. "लाव गं आई. हा कुठं पाठवायचा नाहीये."

मग बाईसाहेबीं कुंकू लाविलें, चांगलें ठसठशीत लाविलें.

एवंच, खरी प्रत कोणती व खोटी कोणती हें बाईसाहेबांस अद्याप उमगलें नाहीं, लिहिणारासही नाहीं. कोऱ्या कागदाची प्रत मात्र कोणीं मागितली नाहीं. ठाऊक होतें तितुकें लिहिलें.