दोन बिमाऱ्या आणि एक सोयरीक

वैष्णवीनं मारुतीच्या पारावर रांगोळीनं अख्खं गाव काढलं आणि घराघरावर दाणे मांडले. तूर म्हणजे डेंगू, सोयाबीन म्हणजे चिकनगुनिया. पोरगी वाशिमला गणित शिकते. दोन्ही बिमाऱ्या एकाच डासापायी गावात सोबत कशा पसरतील, त्याचा तिचा हा अंदाज. गावानं मात्र तो निकाल समजून वाचला.

तिचे काका पुंजाजी आले. त्यांच्या घरावर तूरही होती, सोयाबीनही.

"दोन्ही मलेच काहून वं?"

"अजून कोनाले काही झालं नाही, काका. तुमच्या टाक्यात पानी साचून हाये, म्हनून गणितात तसं येते."

"दुपारी आसेगावचे पाहुने माह्या पोराच्या, हरीओमच्या, सोयरिकीसाठी घर पाहाले येऊन राह्यले. रस्ता इथूनच हाये. बिमारीच्या घरात कोन पोरगी देईन? एक राहू दे, एक उचल."

"असं नाही होत. टाकं रिकामं करा, मंग दोन्ही उचलते."

पुंजाजींनी टाकं सांडलं. भीतीपोटी प्यायचा रांजण अन् कूलरही उपडा केला. वैष्णवीनं नवा हिशेब केला. तिथले डास आता शेजारी जाणार, म्हणून दाणे लखीरामच्या घरावर सरकले.

लखीराम तावातावानं आला. "तुह्या काकाची बला माह्या घरी कायले?"

"तुमीबी पानी सांडा ना मंग."

त्यानं सांडलं. दाणे भागवतकडे गेले, तिथून पंचफुलाबाईकडे. ज्याच्या घरावर दाणा येई, तो घागरी उपड्या करायला धावे. दुपारपर्यंत पारावर एक दाणा उरला नाही. वैष्णवी हरखली. पुंजाजी तर फेटा बांधून ओसरीत ऐटीत बसले.

पाहुण्यांची गाडी आली.

"पानी आन वं," पुंजाजींनी आवाज दिला.

त्यांची बायको दुर्गाबाई दारातच थांबली. हळूच म्हणाली, "कुठून आनू? घरचं तुमीच सांडलं. गावात कोनाकडंच थेंब नाही. नळ येते परवा."

"मंग आता?"

"म्हैस हाये."

पाहुण्यांपुढे तांब्यातून दूध आलं. मग चहा आला, तोही निव्वळ दुधाचा. मुलीचे वडील देवमन यांनी बशीत ओतला. बशीत साय धरली.

"पुंजाजीभाऊ, तुमच्या घरी पानी वापरतच नाही का?"

पुंजाजींनी फेट्याच्या टोकानं घाम पुसला. "आमच्यात... पद्धत नाही तशी."

देवमन यांनी बशी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं, बायकोनं मान हलवली.

"मंग पोरगी दिली, समजा. आमच्याइथं तिचा जनम पानी भरन्यातच गेला."